चरित्र न ठेवलेल्या आचार्यांचे चरित्रकार : डॉ. आ. ने. उपाध्ये



चरित्र म्हटलं की आपल्याला जन्मगाव, आईवडील, शिक्षण, लग्न, पत्रं आणि फोटो असं सगळं अपेक्षित असतं. नेत्याचं किंवा लेखकाचं चरित्र लिहायला ही सामग्री मिळतेही. पण ज्यानं घर सोडलं, नाव बदललं आणि आयुष्यभर 'मी'पणा घालवण्याचाच प्रयत्न केला, त्याचं चरित्र कसं लिहायचं? आपले बहुतेक जुने आचार्य असेच आहेत. ग्रंथ मागे ठेवले आणि स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नाही. कुणी लिहिलीच तर शेवटी गुरूचं नाव, गाव, एखादा शक किंवा संवत.

आज ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांनी हेच अवघड काम ४० वर्षांहून जास्त काळ केलं, आणि तेही आपल्या कोल्हापुरात बसून. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. प्राकृतच्या अभ्यासकांमध्ये हे नाव देशात आणि परदेशातही मानानं घेतलं जातं. आपल्या घरांत मात्र ते फारसं माहीत नाही. त्यांचं बरंचसं लिखाण इंग्रजीत आहे, हे त्याचं एक कारण. दुसरं असं की ग्रंथ हातात घेतला की आपण थेट गाथा उघडतो आणि प्रस्तावनेची पानं तशीच उलटतो. उपाध्ये सरांचं खरं काम त्या पानांत आहे.

सदलग्याचा मुलगा

त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ चा, सदलगा गावातला. सदलगा आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात चिकोडी भागात येतं. एका घरात कन्नड, शेजारच्या घरात मराठी, असा हा सगळा पट्टा. उपाध्ये म्हणजे बस्तीत पूजा-अभिषेक करणाऱ्या घराण्याचं आडनाव, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. १९२८ साली ते बी.ए. झाले आणि १९३० साली एम.ए. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत डॉ. प. ल. वैद्य यांच्याकडे त्यांनी प्राकृतचा अभ्यास केला. त्याच वर्षी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले.

३२ वर्षं एकच कॉलेज. पुढे शिवाजी विद्यापीठ आणि १९७१ नंतर म्हैसूर विद्यापीठातलं जैनविद्या व प्राकृतचं अध्यासन. १९६६ साली अलीगढला भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. बाहेरून पाहिलं तर एवढीच कहाणी. बाकीचं सगळं आयुष्य पोथ्यांत गेलं.

पोथीचं संपादन म्हणजे नेमकं काय?

समजा, आईनं एका वहीत पाककृती लिहून ठेवल्या होत्या आणि ती वही हरवली. तिघी बहिणींनी मात्र त्यातून आपापल्या वहीत उतरवून घेतलं होतं. मोठीच्या वहीत पुरणाला 'पाव वाटी' गूळ, मधलीच्या वहीत 'पाऊण वाटी', धाकटीच्या वहीत ती ओळच सुटलेली. आईनं काय लिहिलं होतं हे शोधायचं कसं? जिला जे बरं वाटतं ते धरून चालणार नाही. तिन्ही वह्या शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहावा लागेल. कोण घाईत लिहिते, कोणाची कोणती चूक नेहमीची, कोणी कोणाच्या वहीवरून उतरवलं, हे सगळं बघावं लागेल. शेवटी एक पाठ धरला, तरी 'मधलीच्या वहीत असं आहे' हे खाली लिहून ठेवणं भाग आहे.

पोथीचं संपादन ते हेच. वह्या तीन नसून पाच-सात असतात, एक जैसलमेरला, एक पुण्यात, एक मूडबिद्रीला. लिपी वेगळ्या आणि काळ हजार वर्षांचा. उपाध्ये सरांनी या पद्धतीनं एकामागून एक ग्रंथ सिद्ध केले: प्रवचनसार (१९३५), परमात्मप्रकाश (१९३७), वरांगचरित (१९३८), हरिषेणांचा बृहत्कथाकोश (१९४३), लीलावई (१९४९), कुवलयमाला (१९५९), कार्तिकेयानुप्रेक्षा (१९६०). तिलोयपण्णत्ती त्यांनी डॉ. हिरालाल जैन यांच्याबरोबर केली. ती सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाली. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती देऊन उभी केलेली ही ग्रंथमाला.

यातल्या प्रत्येक ग्रंथाला सरांनी मोठी प्रस्तावना जोडली. ग्रंथकार कोण, कधीचा, कुठला, त्याच्यावर कोणाचा प्रभाव, त्याच्याबद्दलच्या कथा कुठून आल्या, हे सगळं त्यात येतं. म्हणून मी त्यांना चरित्रकार म्हणते. त्यांचा नायक काही सांगत नाही आणि हे त्याच्या ग्रंथातले शब्द, कुठल्यातरी माळावरचा शिलालेख आणि दुसऱ्याच कुणाच्या टीकेतला उल्लेख एकत्र आणून त्याचं आयुष्य उभं करतात.

कुंदकुंद आचार्य : किती खरं, किती मागाहून जोडलेलं

आपण शुभकार्याच्या आधी जे मंगलाचरण म्हणतो त्यात भगवान महावीर आणि गौतम गणधर यांच्यानंतर कुंदकुंद आचार्यांचं नाव येतं. आपल्या परंपरेत याहून वरचा मान कुठल्या आचार्यांना नाही. १९३५ च्या प्रवचनसारात २९ वर्षांच्या प्राध्यापकानं शंभरहून जास्त पानांच्या प्रस्तावनेत या आचार्यांचं चरित्र तपासायला घेतलं.

आपण लहानपणापासून काय ऐकलं आहे? त्यांची पाच नावं होती. ते विदेह क्षेत्रात सीमंधर स्वामींच्या समवसरणात जाऊन आले. मागच्या जन्मी ते गुराखी होते, वणव्यात जळलेल्या रानात एका जागी हिरवी झाडं उभी दिसली, तिथं त्यांना आगमाच्या पोथ्या सापडल्या आणि त्या त्यांनी मुनींना दान दिल्या. सरांनी यातली एकही कथा हसून उडवून लावली नाही. प्रत्येक कथेला त्यांनी एकच प्रश्न विचारला: ही पहिल्यांदा कुठं लिहिलेली सापडते?

पाच नावांची यादी १४ व्या शतकातल्या विजयनगरच्या लेखात दिसते. जुन्या लेखांचा आधार आहे तो पद्मनंदी आणि कोंडकुंद या दोन नावांना. गृद्धपिच्छ आणि वक्रग्रीव ही इतर आचार्यांची नावं, ती मागाहून यांना चिकटलेली. विदेहगमनाचा उल्लेख देवसेनांच्या दर्शनसारात, म्हणजे १० व्या शतकात येतो. तशीच कथा पूज्यपादांबद्दलही सांगितली जाते. स्वतः आचार्य आपल्या ग्रंथांत त्याबद्दल काहीच म्हणत नाहीत. बारस-अणुवेक्खाच्या शेवटी नाव येतं आणि बोधपाहुडात भद्रबाहूंचा शिष्य असा उल्लेख येतो, बस्स.

मग काळ कसा ठरवायचा? कोणी त्यांना ६ व्या शतकात ओढत होतं, कोणी त्याच्या कितीतरी आधी नेत होतं. सरांनी प्रत्येकाचं म्हणणं मांडलं, त्यातलं बळ आणि उणीव दाखवली, मर्कराच्या ताम्रपटातला कोंडकुंद अन्वयाचा उल्लेख विचारात घेतला, आणि इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास, इथंवर येऊन ते थांबले. त्या ताम्रपटाबद्दल पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आणि आचार्यांच्या काळाचा वाद आजही मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंना सरांच्या प्रस्तावनेपासूनच सुरुवात करावी लागते.

मी हे आमच्या स्वाध्याय मंडळात सांगितलं तेव्हा एक काकू नाराज झाल्या. "मग विदेहाला गेलेच नाहीत म्हणायचं का?" मी म्हटलं, काकू, ते तसं म्हणतच नाहीत. ती कथा कोणत्या शतकापासून लिहिलेली मिळते, एवढंच ते सांगतात. आणि समयसार वाचायला विदेहाची साक्ष कशाला लागते? सोन्याचा कस बघायला सोनाराचा वंश विचारत नाहीत. काकूंना ते कितपत पटलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात त्या स्वतःहून म्हणाल्या, "गुराख्याची गोष्ट कुठून आली ते सांग बरं परत."

एका अक्षराचं चरित्र

दुसरं उदाहरण परमात्मप्रकाशचं. अपभ्रंश भाषेतला हा ग्रंथ, प्रभाकर भट्ट नावाच्या शिष्यानं विचारलेल्या प्रश्नांतून झालेला. कर्त्याचं नाव सगळीकडे 'योगींद्र' असंच छापत असत. ग्रंथात मात्र नाव 'जोइंदु' असं येतं. सरांनी दाखवलं की जोइंदुचं संस्कृत 'योगींदु' होतं, इंदु म्हणजे चंद्र. मधल्या कुणीतरी इंदुचा इंद्र केला आणि पुढे तोच चालत राहिला. त्यांनी योगींदूंचा काळ ६ व्या शतकाच्या सुमाराचा मानला.

एका अक्षराचा फरक, कुणाला वाटेल एवढं काय त्यात! पण ज्यांचं मागे दुसरं काहीच उरलेलं नाही, त्यांचं निदान नाव तरी त्यांनी ठेवलं तसं राहावं. आपलं नाव रेशनकार्डावर चुकीचं छापलं तर आपण किती हेलपाटे घालतो!

पंथाच्या पलीकडे

सर दिगंबर घराण्यातले. पण त्यांच्या आयुष्यातलं एक फार मोठं काम श्वेतांबर आचार्यांच्या ग्रंथावर आहे. उद्द्योतनसूरींची कुवलयमाला. इ.स. ७७९ मध्ये, शक ७०० संपायला एक दिवस उरला असताना जालोरच्या ऋषभदेव मंदिरात ती पूर्ण झाली. हे इतकं नेमकं कळतं कारण उद्द्योतनसूरींनी स्वतःच शेवटी लिहून ठेवलं आहे. कुंदकुंद आचार्य जितके अबोल, तितके हे बोलके. जैसलमेरची ताडपत्री आणि पुण्यातली कागदाची प्रत यांवरून सरांनी तिचा पाठ सिद्ध केला. १९५९ ला मूळ ग्रंथ निघाला आणि प्रस्तावनेचा भाग १९७० मध्ये. मध्ये ११ वर्षं!

या ग्रंथात एका बाजारपेठेचं वर्णन आहे, तिथं देशोदेशीचे व्यापारी आपापल्या भाषेत बोलतात. त्यात मराठे आहेत: काटक, सावळे, सोशिक, स्वाभिमानी आणि भांडखोर! आणि त्यांच्या तोंडी जे शब्द आहेत ते आपल्या 'दिले', 'घेतले' या रूपांचे आजे-पणजे. १२०० वर्षांपूर्वीच्या राजस्थानातल्या जैन साधूंना आपण कसे दिसलो हे वाचताना मला मोठं हसू आलं. भांडखोरपणा अजून तसाच आहे.

लीलावई तर जैन ग्रंथच नाही. कोऊहल नावाच्या कवीचं ते काव्य, महाराष्ट्री प्राकृतातलं, पैठणच्या सातवाहन राजाच्या प्रेमाची कथा. कवीची पत्नी त्याला गोष्ट सांग म्हणते आणि तो सांगतो. सरांनी त्यावरही तितकीच मेहनत घेतली. ग्रंथ आपल्या पंथाचा की दुसऱ्याच्या, धर्माचा की शृंगाराचा, यानं त्यांच्या मेहनतीत फरक पडला नाही.

यापनीय : आपल्याच भागातला विसरलेला संघ

आता मी त्या विषयाकडे येते ज्यामुळे हा लेख लिहायला बसले.

आपल्या दिगंबर परंपरेची भूमिका आपल्याला ठाऊक आहे. स्त्रीला त्याच भवातून मोक्ष नाही. वस्त्राचा पूर्ण त्याग तिला शक्य नाही, म्हणून आर्यिका माताजींची महाव्रतंही उपचारानं मानली जातात. ही भूमिका सुत्तपाहुडात आहे आणि सुत्तपाहुड परंपरेनं कुंदकुंद आचार्यांचंच मानलं जातं. श्वेतांबर परंपरा स्त्रीमुक्ती मानते. त्यामुळे हा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेलं, 'ते त्यांचं, हे आपलं.' आमच्या आत्यांनी आयुष्यभर उपवास केले, रात्रीचं पाणी सोडलं. त्या कधीकधी सहज म्हणायच्या, "आपली पाळी पुढच्या जन्मी." त्यात तक्रार नव्हती, पण मला ते वाक्य लागायचं.

१९३३ साली, म्हणजे सर २७ वर्षांचे असताना, त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात यापनीय संघावर एक लेख लिहिला. यापनीय मुनी नग्न राहत, मोरपिसांची पिंछी वापरत, म्हणजे दिसायला पूर्ण दिगंबर. पण ते मानत की स्त्रीला याच भवात मोक्ष मिळू शकतो. आगमग्रंथही त्यांना मान्य होते. हा संघ कुठं लांब नव्हता. खानापूरजवळच्या हलशीला कदंब राजांचे ५ व्या शतकातले ताम्रपट सापडले, त्यात यापनीयांना दिलेल्या दानाची नोंद आहे. कागवाडच्या बस्तीतल्या तळघरातला यापनीयांचा उल्लेख करणारा लेख १३९४ चा आहे. हलशी ते कागवाड, ५ वं शतक ते १४ वं शतक. मैत्रिणींनो, हा सगळा आपल्या माहेर-सासरचा मुलूख आहे!

या संघाच्या उगमाची एक कथा रत्ननंदींच्या भद्रबाहुचरितात येते. करहाटक नगराचा भूपाल राजा, त्याची राणी नृकुलदेवी. राणीच्या विनंतीवरून साधू नगरीत आले, पण त्यांचा सवस्त्र वेष राजाला रुचला नाही. तेव्हा राणीनं त्यांना वस्त्र सोडायची विनंती केली आणि त्यांनी ती मानली. करहाटक म्हणजे आपलं कऱ्हाड. कथा फार उशिराची आहे आणि विरोधकांनी लिहिलेली आहे, म्हणून इतिहास म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण विरोधकांनाही यापनीयांची गोष्ट सांगताना राणी मध्ये आणावीशी वाटली, याची मला गंमत वाटते.

यापनीयांत मोठमोठे विद्वान होऊन गेले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, म्हणजे ९ व्या शतकातले व्याकरणकार शाकटायन हे यापनीय होते. ते कशावरून? मलयगिरी नावाच्या श्वेतांबर टीकाकारांनी त्यांना यापनीय यतींचे अग्रणी म्हटलं आहे त्यावरून. याच शाकटायनांनी स्त्रीमुक्तीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मोक्षाचं कारण रत्नत्रय, आणि स्त्रीला सम्यक् दर्शन-ज्ञान-चारित्र होऊ शकत नाही असं कुठं सिद्ध झालेलं नाही. सरांचे ज्येष्ठ स्नेही पं. नाथूराम प्रेमी यांनी तर आपण घरोघरी वाचतो ती भगवती आराधनाही मुळात यापनीय परंपरेची असावी, असं मांडलं.

मग हा संघ गेला कुठं? संपवला कुणी नाही, तो हळूहळू विरून गेला. त्यांच्या बस्त्या आणि मूर्ती आज दिगंबर समाजाकडेच आहेत, आणि आपण त्यांचीच रोज पूजा करतो. पादपीठावरचा लेख वाचला नाही तर ते कळतही नाही.

सरांनी हा विषय पुन्हा हातात घेतला तो १९७४ च्या सुमारास. भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी तोपर्यंत सापडलेल्या आणखी लेखांची नोंद करून यापनीयांवर अधिक प्रकाश टाकला. पहिला लेख ऐन तारुण्यात, दुसरा निधनाच्या वर्षभर आधी. त्यांनी त्यात प्रवचन केलं नाही, कुणाला बरोबर किंवा चूक ठरवलं नाही. अमुक गावात, अमुक शकाचा, अमुक लेख आहे आणि त्यात असं कोरलेलं आहे, एवढंच लिहिलं. पण ते वाचल्यावर 'ते त्यांचं, हे आपलं' हे उत्तर मला पूर्वीसारखं देता येत नाही. कारण तेही इथलंच होतं.

एक गळलेला शब्द

अक्षर जपणं म्हणजे काय हे कळायला धवलेची हकिगत सांगायलाच हवी. षट्खंडागम आणि त्यावरची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या मठात कुलूपबंद होती, फक्त दर्शनासाठी. १९ व्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकारानं तिची नक्कल करण्याचं काम सुरू झालं. नक्कल करणाऱ्यांत मिरजेचे गजपती शास्त्री होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीनं घरी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली. या लक्ष्मीबाई विदुषी होत्या. ती प्रत बाहेर गेली, तिच्या नकलांच्या नकला झाल्या आणि त्यांवरून १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांनी धवला छापायला घेतली. एकूण १६ भाग. या कामात उपाध्ये सरांचं सहकार्य होतं.

पहिल्याच भागात सूत्र ९३ पाशी अडचण आली. मनुष्यिणीला, म्हणजे मानवी स्त्रीला, कोणती गुणस्थानं असतात ते हे सूत्र सांगतं. मागचापुढचा संदर्भ पाहता तिथं 'संजद' म्हणजे 'संयत' हा शब्द हवा होता, पण हाताशी असलेल्या नकलांत तो नव्हता. संपादकांनी काय केलं? शब्द सूत्रात घुसडला नाही. इथं हा शब्द सुटला असावा, अशी खाली टीप दिली. त्यावर समाजात मोठं वादळ उठलं. स्त्री जर संयत गुणस्थानात पोचत असेल तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो! पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्राशी ताडून पाहिलं आणि शब्द तिथं होता. इथली मनुष्यिणी शरीरानं स्त्री समजायची की केवळ भावानं, हा अर्थाचा वाद पंडितांमध्ये आजही आहे आणि दिगंबर परंपरा भावस्त्री असाच अर्थ घेते. पण शब्द होता, एवढं तरी आता निश्चित आहे.

सर ज्या परंपरेत काम करत होते ती ही. न पटणारा शब्द गाळायचा नाही आणि पटणारा शब्द पुराव्याशिवाय घालायचा नाही. आपण अणुव्रतांमध्ये सत्य आणि अचौर्य म्हणतो. दुसऱ्यानं लिहिलेला शब्द काढून घेणं ही चोरी आणि न लिहिलेला शब्द त्याच्या नावावर घालणं हे असत्य. टेबलापाशी बसून आयुष्यभर ही दोन व्रतं पाळणं सोपं नसणार, कारण दोन्हीकडून बोलणारे असतात. श्रद्धावंत म्हणतात, तुम्ही शंका का घेता. नवे लोक म्हणतात, तुम्ही ठामपणे का सांगत नाही.

आपण काय करू शकतो

सरांचे निवडक लेख त्यांच्या निधनानंतर म्हैसूर विद्यापीठानं १९८३ मध्ये एकत्र छापले. घरातली मुलं-मुली इंग्रजीतून शिकतात, त्यांना प्रवचनसाराची प्रस्तावना थोडी थोडी वाचून दाखवायला सांगा. आम्ही मंडळात माझ्या भाचीकडून तसंच वाचून घेतो. ती वाचते, आम्ही मध्ये थांबवून मराठीत बोलतो. तिलाही आता शकातून इसवी सन काढता येतो, ७८ मिळवायचे!

आणि दुसरं. श्रुतपंचमीला आपण बस्तीतल्या पोथ्या काढतो, पुसतो, नवीन वेष्टन घालतो, हळदकुंकू वाहतो आणि परत कपाटात ठेवतो. या वेळी शेवटचं पान उघडून बघा. पोथी कुणी लिहिली, कुणी लिहवून घेतली, कोणत्या साली, हे तिथं असतं. वाचता आलं नाही तर मोबाइलवर फोटो काढून जाणकाराला दाखवा.

त्या पानावर तुम्हाला बायकांची नावं भेटतील. मूडबिद्रीच्या सिद्धांतग्रंथांच्या प्रशस्तीत ती आहेत. महाबंधाची ताडपत्री प्रत मल्लिकव्वे नावाच्या श्राविकेनं श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनाला लिहवून घेऊन माघनंदी मुनींना दिली. धवलेची प्रत देमियक्का नावाच्या श्राविकेनं श्रुतपंचमीच्या उद्यापनाला शुभचंद्रदेवांना अर्पण केली. मोक्ष या भवात की पुढच्या, याचा वाद पंडित घालत राहिले. त्या वादाचे ग्रंथ मात्र या बायकांनी आपल्या पैशानं लिहवून घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

आमच्या बस्तीत सात पोथ्या आहेत. यंदा सातही पोथ्यांचं शेवटचं पान आम्ही उतरवून घेणार आहोत. तुमच्याकडे काही सापडलं तर जरूर कळवा.

जय जिनेंद्र.